बेस घुमतो, पण ऐकू येत नाही

घरच्या स्टुडिओत मिक्स केलेल्या गाण्यातल्या बेस गिटारबद्दल एकच तक्रार दोन तोंडांनी येते. गाडीत लावलं तर दारं थरथरतात आणि गायकाचे शब्द बुडतात. तेच गाणं मोबाइलवर लावलं तर बेस होता की नव्हता हेही कळत नाही. मग पहिली धाव ईक्यूकडे, म्हणजे आवाजाचा ठरावीक पट्टा कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरकडे, आणि ईक्यूवर पहिला हात ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० कंपनं). तिथे चार-पाच डीबी (डेसिबल) चढवले की खोलीत भरदार वाटतं, गाडीतली थरथर वाढते आणि मोबाइलवर काडीचा फरक पडत नाही.

बेस ज्या पट्ट्यात भरतो आणि ज्या पट्ट्यात ओळखू येतो, ते दोन पट्टे वेगळे आहेत. शंभर हर्ट्झच्या खालचा भाग बहुतेक वेळा नुसता आवरायचा असतो. बेसचा आवाज घडवायची जागा त्याच्या वर आहे, साधारण १०० ते २००० हर्ट्झच्या मध्ये.

एका स्वरात काय काय वाजतं

चार तारांच्या बेसच्या मोकळ्या तारा ई, ए, डी आणि जी. त्यांची मूळ कंपनसंख्या अनुक्रमे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ. पाच तारांचा बेस असेल तर सर्वात खाली बी, म्हणजे ३१. पण तार कधीच एकट्या मूळ कंपनाने वाजत नाही. ई तार छेडली की ४१च्या जोडीला ८२, १२४, १६५, २०६ असे पटीतले हार्मोनिक उमटतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो याच मालिकेतला पाचवा. बेस गिटारवर तर खालच्या स्वरांचा दुसरा हार्मोनिक मूळ कंपनापेक्षा जोरकस असणं अगदी नेहमीचं.

मोबाइलचा चिमुकला स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही वाजवू शकत नाही. तरीही नीट मिक्स केलेल्या गाण्यातला बेस त्यावर समजतो, कारण वरच्या हार्मोनिकांमधलं अंतर ओळखून मेंदू गाळलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. २०६, २४७, २८८ ऐकू आले की प्रत्येक दोघांत ४१चं अंतर आहे, म्हणजे स्वर ई, हे कानाला न सांगता कळतं. हे वरचे हार्मोनिक दबलेले असतील तर मेंदूला धागा मिळत नाही. मोबाइलवर बेस हरवण्याचं कारण हे, आणि ६० हर्ट्झची घुंडी फिरवून ते सुटत नाही त्याचंही.

कानाचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली बेल लॅबमध्ये मोजून दाखवलं की हळू आवाजात आपला कान खालच्या स्वरांना बहिरा होतो. हजार हर्ट्झचा ४० डीबीचा सूर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला ५० हर्ट्झच्या सुराला ७५च्या पुढे डीबी लागतात. रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात बेसचा ईक्यू ठरवला तर तो हमखास जड होतो, आणि कान दुखतील इतक्या जोरात ठरवला तर हलका. लहान खोलीत ७५ डीबीच्या आसपास एक पातळी ठरवा, घुंडीवर पेन्सिलने खूण करा आणि बेसचे निर्णय त्याच खुणेवर घ्या.

आधी खोलीचं सोंग ओळखा

दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच खोली घ्या. अशा मापाची बेडरूम कितीतरी फ्लॅटमध्ये सापडेल. समोरासमोरच्या भिंतींमध्ये अर्धी लाट नेमकी बसते तिथे खोली स्वतः घुमते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर, त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचं. दहा फुटांना ५६-५७ हर्ट्झ येतात, बारा फुटांना ४७. रुंदी आणि उंची सारखीच असल्यामुळे ५७चं घुमणं दुहेरी.

यात खरी फसगत बसण्याच्या जागेची. पहिल्या घुमण्याचा जोर भिंतींपाशी सर्वात जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. मिक्स करणारा माणूस दोन्ही स्पीकरच्या मधोमध, म्हणजे खोलीच्या रुंदीच्याही मधोमध बसतो. त्याच्या खुर्चीवर ५७ हर्ट्झच्या आसपासचे ए आणि ए शार्प अशक्त ऐकू येतात. तो ते ईक्यूने चढवतो. मग गाणं गाडीत जातं, तिथे ते खड्डे नसतात, आणि चढवलेला डोंगर तेवढा उरतो.

खात्रीसाठी पंधरा मिनिटांची चाचणी पुरते. सिंथमधून शुद्ध साइन सूर घ्या आणि खालच्या ई पासून वरच्या ई पर्यंत तेरा स्वर एकाच पातळीवर, प्रत्येकी दोन सेकंद वाजवा. कुठला स्वर फुगतो आणि कुठला गायब होतो ते कागदावर लिहून स्पीकरजवळ चिकटवा. खुर्ची समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर, बारा फुटी खोलीत साडेचार फुटांवर, ठेवून पुन्हा तपासा. हा आकडा फक्त सुरुवातीचा, तिथून अर्धा-एक फूट पुढेमागे करून पाहायचं. ज्या स्वरांबद्दल खोली खोटं बोलते त्यांचा निवाडा हेडफोनवर करा. अंड्यांचे ट्रे किंवा इंचभर फोम लावून या पट्ट्यात काहीच होत नाही. ५७ हर्ट्झची लाट सहा मीटर लांब असते, ती इंचभर फोमला जुमानत नाही.

ईक्यूने जे सुधारत नाही

काही दोष रेकॉर्डिंगमध्येच मिटवावे लागतात. तारा जुन्या आणि मेलेल्या असतील तर २ किलोहर्ट्झला कितीही चढवा, तिथे उचलण्यासारखं काही नसतं. ईक्यू असलेलं वाढवतो, नसलेलं निर्माण करत नाही. पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) बेस ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे वाद्य संगणकाला जोडणाऱ्या यंत्राच्या, लाइन इनपुटला लावला तर तारांचं कंपन टिपणाऱ्या पिकअपवर भार पडून वरचा भाग बोथट होतो. इनपुट ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’वर हवा, नाहीतर मधे डीआय बॉक्स हवा, म्हणजे बेसचा सिग्नल थेट रेकॉर्डिंगसाठी जुळवून देणारी डबी.

दुसरा दोष विजेमुळे येणाऱ्या गुणगुणीचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि ५० हा आकडा बेसच्या ऐन अंगणात पडतो: जी ४९, जी शार्प ५२. गुणगुण काढायला तिथे खोल खाच मारली तर हे दोन स्वर सोबत जातात. खाच अतिशय अरुंद केली तर ती स्वतःच घंटेसारखी रेंगाळते. त्यामुळे उपाय ईक्यूच्या आधीचे: लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करणं, सगळी यंत्रं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घेणं, एलईडी दिव्याचा डिमर बंद ठेवणं. जॅझ बेस प्रकारच्या वाद्यात दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवले की दोघांची गुणगुण एकमेकींना बरीचशी खाते. तरीही उरली तर वाजवण्यातल्या मोकळ्या जागा संपादनात कापून टाका.

डीआय आणि अँपसमोरचा माइक असे दोन ट्रॅक असतील तर ईक्यूच्या आधी त्यांची वेळ जुळवा. माइक स्पीकरपासून ३० सेंटिमीटरवर असेल तर त्याचा आवाज सुमारे ०.९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि दोन्ही मिसळले की ५७० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, म्हणजे बेसची गुरगुर जिथे असते नेमकी तिथे. ट्रॅक मोठा करून पहिला झटका पाहा, माइकचा ट्रॅक तेवढा डावीकडे, म्हणजे आधी, सरकवा, मग पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटवून कुठल्या बाजूला बेस भरतो ते ऐका.

ईक्यूची हत्यारं, थोडक्यात

हाय-पास फिल्टर ठरावीक कंपनसंख्येच्या खालचं उतरवत नेतो. उतार दर सप्तकाला ६, १२, १८ किंवा २४ डीबी असा मोजतात. शेल्फ म्हणजे एका जागेपासून पुढचा सगळा पट्टा उचलणं किंवा बसवणं. बेल म्हणजे मधल्या एका जागी उंचवटा किंवा खड्डा. बेलची रुंदी क्यू या आकड्यात असते: १.४ म्हणजे साधारण एक सप्तक, ०.७ म्हणजे जवळजवळ दोन, ४.३ म्हणजे सप्तकाचा तिसरा हिस्सा. जागा, रुंदी आणि उंची तिन्ही वेगवेगळ्या फिरवता येतात असा पॅरामेट्रिक ईक्यू जॉर्ज मॅसनबर्ग यांनी १९७२ साली मांडला. आज कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये फुकट मिळणारा ईक्यू त्याच जातीचा आहे, आणि बेससाठी तो पुरेसा आहे. महागडं प्लगइन विकत घेण्याआधी तारा बदला.

क्यूबद्दलची एक गोष्ट मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण बेसच्या बाबतीत बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. ८०० हर्ट्झला क्यू ४ची खाच मारली तर जवळजवळ प्रत्येक स्वराचा कुठला ना कुठला हार्मोनिक तिच्यात सापडतो, त्यामुळे परिणाम आवाजाच्या पोतावर होतो. तीच खाच ६० हर्ट्झला मारली तर तिच्या तावडीत मूळ कंपनाने सापडतात फक्त ए, ए शार्प, बी आणि सी. तेवढे चार स्वर अशक्त होतात, बाकीचे जसेच्या तसे. खालच्या सप्तकात ईक्यूचा पट्टा म्हणजे थेट स्वरांचा पट्टा असतो. तिथे अरुंद कापाकापी केली की बेसवादक एकसारखा वाजवत असूनही ओळ लंगडते. म्हणून १०० हर्ट्झच्या खाली क्यू १च्या पुढे नेऊ नका. नेलाच, तर तो ठराविक स्वर दाबायचा आहे हे मनाशी पक्कं असू द्या.

काळी एकमधलं एक गाणं

समजा एक मराठी गाणं आहे. पट्टी काळी एक, गायक पुरुष, चार तारांचा बेस डीआयमधून, ठेका ऑक्टोपॅडच्या (इलेक्ट्रॉनिक तालवाद्याच्या) किकवर, म्हणजे खालच्या ढोलाच्या ठोक्यावर, आणि तबल्यावर, वर हार्मोनियम.

काळी एक म्हणजे सी शार्प. बेसचा सोयीचा षड्ज ६९ हर्ट्झला येतो, त्याच्या खालचा पंचम ५२ला आणि मध्यम ४६ला. खर्जाचा षड्ज ३५ हर्ट्झला आहे, पण तो चार तारांवर मिळतच नाही. म्हणजे बेसवादक मध्यमाच्या खाली उतरला नसेल तर ४६च्या खाली संगीत नाही, फक्त बोटांची धपधप आणि तारेला हात लागल्याचे धक्के आहेत. हाय-पास सर्वात खालच्या स्वराच्या ०.७ पटीला ठेवायचा, इथे ३२ हर्ट्झला, उतार १२ डीबी. त्याने मध्यमाचं नुकसान एक डीबीच्या आत राहतं आणि लिमिटरला (आवाजाची कमाल पातळी रोखणाऱ्या साधनाला) विनाकारण ढकलणारं जडपण निघून जातं. हाच फिल्टर २४ डीबी उताराने ८० हर्ट्झला लावला, तर मध्यम १९ डीबीने कोसळतो. ‘मोबाइलवर ऐकूच येत नाही तर कापून टाका’ हा सल्ला ऐकणाऱ्यांच्या मिक्सचं हेच होतं. गाणं पांढरी चारमध्ये असतं तर खालचा षड्ज ४४ला आला असता आणि फिल्टर ३०ला. पट्टी बदलली की आकडा बदलतो, त्यामुळे कुणाचा प्रीसेट डोळे मिटून लावू नये.

यानंतर पाहायचा तो १२० ते ३०० हर्ट्झचा पट्टा. काळी एकच्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झला असतो, आणि बेसच्या षड्जाचा दुसरा हार्मोनिकही १३९लाच. हार्मोनियमच्या खालच्या पट्ट्या याच परिसरात, डग्ग्याच्या घुमाऱ्याचा वरचा भागही इथेच. मराठी सुगम संगीताचं मिक्स गढूळ होतं ते बहुधा या गर्दीमुळे. बेसवर २०० ते २५० हर्ट्झच्या मध्ये क्यू १ची बेल घेऊन २ ते ४ डीबी उतरवा, आणि हे सोलोमध्ये (बेस एकटा वाजवून) नव्हे, गायकासोबत ऐकत करा. सोलोमध्ये बेस यानंतर किंचित पोकळ वाटेल. वाटू दे. गाण्यात शब्द मोकळे झाले आणि बेसचा पाठिंबा तसाच राहिला की काम झालं. सहा डीबी उतरवावे लागत असतील तर बहुतेक दोषी बेस नाही, हार्मोनियमच्या ट्रॅकवरचा न लावलेला हाय-पास आहे.

नको असलेली जागा शोधण्यासाठी अरुंद बेल दहा डीबी चढवून इकडून तिकडे फिरवण्याची पद्धत सर्रास शिकवली जाते. जपून वापरा. एवढी चढवली की प्रत्येक जागा वाईटच वाजते, आणि माणूस पाच-सहा खड्डे पाडून मोकळा होतो. आधी बायपासमध्ये (ईक्यू तात्पुरता बंद ठेवून) ऐकून तक्रार शब्दांत सांगता आली पाहिजे: ‘पंचमावर फुगतो’, ‘नाकात बोलतो’, ‘शब्दांवर पांघरूण पडतं’. तक्रार सांगता येत नसेल तर तिथे खड्डा पाडू नका.

किक आणि डग्गा

खाली राज्य कुणाचं, बेसचं की किकचं, हे आधी ठरवा. दोघेही ५० ते ७० हर्ट्झमध्ये एकदम जोर लावतील तर दोघेही अस्पष्ट होतात. ऑक्टोपॅडच्या किकचा धक्का ६०च्या आसपास असेल तर नेहमीची शिफारस अशी असते की बेस तिथे खचवा. पण वर पाहिलं तसं, त्या खड्ड्यात आपल्या गाण्याचा शुद्ध धैवत (५८ हर्ट्झ) पडतो आणि गाणं धैवतावर थांबलं की बेस गळून पडतो. त्यापेक्षा खड्डा फक्त किक वाजते तेवढ्यापुरता पाडणं बरं. त्यासाठी डायनॅमिक ईक्यू, म्हणजे आवाजाच्या जोराप्रमाणे आपोआप हलणारा ईक्यू, घ्या आणि त्याला किकच्या ट्रॅकवरून साइडचेन (इशारा) द्या, पट्टा ६०चा, क्यू १, जास्तीत जास्त ३-४ डीबी, रिलीज (पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) ८० ते १२० मिलिसेकंद. किक संपली की स्वर परत भरतो. साइडचेन घेणारा डायनॅमिक ईक्यू फुकटात हवा असेल तर टीडीआर नोव्हा आहे. उलट बाजूने किकमधून २५० ते ४०० हर्ट्झमधला खोक्यासारखा आवाज काढा आणि ३-४ किलोहर्ट्झला तिची टकटक थोडी वर आणा. म्हणजे तिला ओळख मिळवायला खालचा जोर लागणार नाही.

डग्गा हे वेगळं प्रकरण. किकसारखा तो एका जागी बसत नाही, तळव्याच्या दाबाने त्याचा स्वर सरकतो. आपल्याला तो घुमारा हवा असतो, त्यामुळे डग्ग्याला कायमचा खड्डा पाडून बेसला जागा करणं म्हणजे तबला मारणं. इथे ईक्यूपेक्षा संयोजन जास्त कामाचं: डग्ग्याची मींड आहे त्या मात्रेवर बेसने लांब स्वर धरू नये, किंवा वरच्या सप्तकात जावं. तेही जमण्यासारखं नसेल तर बेसवर १०० हर्ट्झच्या आसपास डग्ग्याच्या साइडचेनने २ डीबी आवरा. त्याहून जास्त गेलं तर बेस श्वास घेतल्यासारखा हलतो आणि ते लगेच लक्षात येतं.

बेसला तोंड देणं

आतापर्यंत नुसती आवराआवर झाली. आता घडवणं. ६०० ते ९०० हर्ट्झमध्ये बेसची गुरगुर असते, बोट तारेवरून निघतानाचा ‘ग्र’. मोबाइलवर आणि टीव्हीवर बेस ओळखू येतो तो याच्या आधारावर. क्यू १, २ ते ४ डीबी वर. फार चढवलं तर बेस नाकात बोलतो आणि गिटारच्या ऱ्हिदमशी भांडतो. त्याच्या वर दीड ते तीन किलोहर्ट्झमध्ये तारेचं धातूपण आणि नख किंवा पिकचा टणत्कार. बोटांनी वाजवलेल्या हळुवार गाण्यात याची गरज नसते, उलट फ्रेटवर तार आपटल्याचा आवाज वर येतो. स्लॅप (अंगठ्याने तारेवर आपटून) वाजवला असेल तर २.५ किलोहर्ट्झला दोन डीबी पुरतात. ५-६ किलोहर्ट्झच्या वर बेसचं काही नसतं, लो-पास (हाय-पासच्या उलट, वरचं उतरवणारा फिल्टर) लावून तिथली खरखर संपवा आणि ती जागा झांजांना, गायकाच्या ‘स’ला मोकळी ठेवा.

चढवूनही ६००-९००मध्ये काही येत नसेल तर तिथे मुळात हार्मोनिकच नाहीत. सिंथवरच्या साइन-बेसचं नेमकं हेच दुखणं: त्यात मूळ कंपन सोडून काही नसतं, ईक्यूला पकडायलाच काही मिळत नाही. अशा वेळी ट्रॅकची प्रत काढा, तिच्यावर हाय-पास १५० ते २००ला लावा, त्यानंतर सॅच्युरेशन किंवा डिस्टॉर्शन (लाट बिघडवून नवे हार्मोनिक काढणारी साधनं) द्या आणि ती प्रत मूळ ट्रॅकच्या खाली १५ ते २० डीबीने हळूच मिसळा. सोलोमध्ये ती घाणेरडी वाटते, गाण्यात ती दिसत नाही, फक्त मोबाइलवर बेस हजर होतो. प्रतीवरच्या हाय-पासमुळे फेज (लाटेची वेळेतली जागा) सरकतो, म्हणून मिसळल्यावर पोलॅरिटी उलटवून एकदा तुलना करा.

आता कुठे खाली भर घालण्याची वेळ येते. इतकं सगळं करूनही बेस सडपातळ वाटत असेल तर जुनी पल्टेकची युक्ती चालते. पल्टेक ईक्यूपी-१ हा अमेरिकेतला १९५१चा ईक्यू, नंतरचं ईक्यूपी-१ए हे रूप जास्त गाजलं. त्यात एकाच खालच्या कंपनसंख्येसाठी चढवण्याची आणि उतरवण्याची अशा दोन वेगळ्या घुंड्या आहेत. दोन्ही एकदम फिरवल्या तर त्या एकमेकींना पुरत्या मारत नाहीत, कारण दोघींचे वक्र वेगळ्या आकाराचे आहेत. परिणामी खाली उंचवटा येतो आणि त्याच्या वर, दोन-तीनशे हर्ट्झच्या आसपास, सौम्य खड्डा. बेस जाड होतो पण गढूळ होत नाही. साध्या ईक्यूत हेच करायचं तर ६० हर्ट्झला लो-शेल्फ २ डीबी वर आणि २२० हर्ट्झला क्यू ०.८ची बेल २ डीबी खाली. आधी २०० ते २५०मध्ये उतरवलं असेल तर ही दुसरी बेल वेगळी लावू नका, बेरीज होते.

एखादाच स्वर डोकं वर काढतो तेव्हा

प्रत्येक बेसच्या लाकडात एक-दोन स्वर असे असतात की ते इतरांपेक्षा फुगतात किंवा लवकर मरतात. समजा आपल्या गाण्यात धैवत फुगतो. आधी हेडफोनवर पाहा, खोलीचं सोंग तर नाही ना. खरंच फुगत असेल तर डायनॅमिक ईक्यू ५८ हर्ट्झला, क्यू २ ते ३, थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या पुढे तो काम सुरू करतो ती) असा की बाकी स्वरांना तो हलूच नये. अटॅक (काम सुरू करायला लागणारा वेळ) १५-२० मिलिसेकंदांच्या खाली नेऊ नका. ५८ हर्ट्झचं एक आवर्तन १७ मिलिसेकंदांचं असतं, त्याहून चपळ अटॅक लाटेच्या आकारालाच कुरतडतो आणि बेस फाटल्यासारखा वाजतो. स्वर दोन-तीनदाच आला असेल तर हे सगळं सोडा, तेवढ्या जागी क्लिपचा आवाज दोन डीबी खाली ओढा. दोन मिनिटांचं काम.

कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप आवळणारं साधन) वापरणार असाल तर हाय-पास आणि उतरवायच्या बेली त्याच्या आधी, चढवायच्या नंतर. हाय-पास नसलेला बेस कॉम्प्रेसरमध्ये गेला की न ऐकू येणाऱ्या धपधपीवर तो आवळतो आणि ऐकू येणारा स्वर विनाकारण हलतो. लिनिअर-फेज ईक्यू (फेज न सरकवणारा) बेसवर टाळलेला बरा. खालच्या पट्ट्यात तीव्र उतार दिला की त्यात प्रत्येक झटक्याच्या आधी हलकासा फुगवटा ऐकू येऊ शकतो आणि ठोक्याची धार जाते.

आलेख पाहणं, आणि त्यावर न विसंबणं

अनॅलायझरचा, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येला किती जोर आहे ते दाखवणाऱ्या साधनाचा, आलेख खालच्या स्वरांच्या बाबतीत वाटतो तेवढा बारीक नसतो. ४४.१ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये ब्लॉक साइझ (एका वेळी तपासलेले नमुने) ४०९६ असेल तर त्याच्या दोन बिंदूंमध्ये जवळजवळ ११ हर्ट्झचं अंतर पडतं. ४६चा मध्यम आणि ५२चा पंचम त्याला वेगळे दिसत नाहीत. ब्लॉक १६३८४ केला की अंतर २.७ हर्ट्झवर येतं, पण आलेख आळसावतो आणि किकचा झटका त्यात विरघळतो. स्वर शोधायचा असेल तेव्हा मोठा ब्लॉक, झटका पाहायचा असेल तेव्हा लहान. स्पॅनसारख्या अनॅलायझरमध्ये आलेख दर सप्तकाला ४.५ डीबीने तिरका करून दाखवतात. तो तिरपेपणा बंद केला की खालचा भाग एकदम डोंगराएवढा दिसतो आणि घाबरून कापाकापी सुरू होते.

प्रत्येक बदल बायपासशी पडताळताना पातळी सारखी ठेवा. एक डीबी मोठं झालेलं जवळजवळ नेहमीच चांगलं वाटतं. ईक्यूच्या आउटपुटवर तेवढं उतरवा आणि मग चालू-बंद करून ऐका. बऱ्याचदा ६० हर्ट्झचे चढवलेले ते चार डीबी इथेच गळून पडतात.

शेवटची तपासणी गाडीच्याही आधी एकदा अशी करून बघा. मास्टरवर तात्पुरता हाय-पास २५० हर्ट्झला, उतार २४ डीबी, आणि सगळं मोनो (डावं-उजवं एकत्र). बेसची ओळ गुणगुणता आली पाहिजे. आली नाही तर पुन्हा ६००-९००कडे जा. मग तो काढून उलट, लो-पास १२० हर्ट्झला लावा आणि नुसता खालचा भाग ऐका: किक आणि बेस वेगळे मोजता येतात का, कुठला स्वर बाहेर उडी मारतो का, दोन स्वरांच्या मधल्या जागेत शांतता आहे की भोंगा चालू आहे. हा भाग स्पीकरवर नाही, हेडफोनवर ऐका. दोन्ही फिल्टर एक्सपोर्टच्या आधी काढायला विसरू नका.